दुर्गम भागात एअर ॲम्ब्युलन्स उडवायची आहे? आधी लॉगबुकातले रकाने बघा

प्रश्न थोडक्यात असा: व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नुकताच हातात आला आहे, लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, जेमतेम २०० तास आहेत आणि दुर्गम भागातली एअर ॲम्ब्युलन्स उडवायची आहे. तिथवर पोचायला किती काळ लागतो, मधल्या वर्षांत काय उडवावं, प्रत्यक्ष काम कसं असतं, आणि सोबत वैद्यकीय प्रशिक्षण घेतलं तर पारडं जड होईल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बरेच जण तिथेच पैसे घालवतात. प्रथमोपचाराचा साधा अभ्यासक्रम करून ठेवा, त्यापुढे जाऊ नका. मागच्या कॅबिनमध्ये डॉक्टर, नर्स किंवा पॅरामेडिक असतात. त्यांना वैमानिकाची मदत लागते ती स्ट्रेचर चढवताना आणि उतरवताना. कंपनी शोधत असते ती वेगळी माणसं: अपरात्री, एकट्याने, ढगांतून खाली येऊन आजूबाजूला एकही दिवा नसलेल्या पट्टीवर विमान टेकवू शकणारी, आणि जमणार नसेल तेव्हा निघण्याआधीच तसं सांगणारी.

कामाच्या स्वरूपाबद्दलही मोठा गैरसमज असतो. विमानाने होणाऱ्या वाहतुकीचा मोठा भाग म्हणजे लहान दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयात हलवणं. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस, गुंतागुंतीची गर्भवती, दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ, खुबा मोडलेली आजी. कधीकधी तर बरा झालेला रुग्ण परत घरी सोडणं. अपघाताच्या जागी थेट उतरणं हे बहुतांशी हेलिकॉप्टरचं काम. हेलिकॉप्टर ताशी साधारण २५० किलोमीटरने जातं, त्यामुळे तळापासून दोन-अडीचशे किलोमीटरच्या आत त्याचा खरा उपयोग. त्यापलीकडे पंखांच्या विमानांचं राज्य सुरू होतं आणि ‘दुर्गम’ म्हणतात ते बहुतेक तिथेच असतं. किंग एअर बी-२०० किंवा पिलाटस पीसी-१२ ही या कामातली नेहमीची विमानं. दोन्ही टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनावर पंखा फिरवणारी), दोन्ही कच्च्या आणि आखूड पट्टीवर उतरू शकणारी, दोन्ही दाबनियंत्रित कॅबिनची. ऑस्ट्रेलियातली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ही दोन्ही वापरते. या सेवेचं पहिलं विमान १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून उडालं, तेव्हा ते क्वांटासकडून भाड्याने घेतलेलं एक इंजिनाचं डीएच-५० होतं. आज जीपीएस आहे, रडार आहे, ऑटोपायलट आहे. पण लांबचं अंतर, अपुरी हवामान-माहिती आणि पुढे बसलेला एकच वैमानिक हे समीकरण अनेक ठिकाणी तसंच आहे.

आता तासांकडे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार व्यावसायिक परवाना २०० तासांवर मिळतो, सलग एकात्मिक प्रशिक्षण असेल तर १५० वर; काही देशांत २५० लागतात. विमानसेवा वैमानिकाचा वरचा परवाना १५०० तासांवर. या दोन आकड्यांच्या मधली वर्षं हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. अमेरिकेचा नियम नमुन्यादाखल घ्या. तिथे मागणीनुसार भाड्याने उडणाऱ्या विमानाचा कप्तान म्हणून उपकरणांच्या आधारे, म्हणजे आयएफआरमध्ये, उडायचं तर एकूण १२०० तास हवेत आणि त्यात ५०० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी), १०० तास रात्रीचे, ७५ तास उपकरणांवरचे. या ७५ पैकी किमान ५० प्रत्यक्ष हवेतले. हा कायद्याचा किमान आकडा झाला. एअर ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या बऱ्याच संस्था आणि त्यांच्या विमा कंपन्या एकट्या कप्तानासाठी २००० तासांच्या पुढचीच भाषा बोलतात, आणि त्यातही कप्तान म्हणून केलेले, बहुइंजिनी किंवा टर्बाइनचे तास वेगळे मोजतात.

म्हणून लॉगबुकाची बेरीज बघू नका, रकाने बघा. रात्र, उपकरणं, कप्तान, टर्बाइन आणि कच्ची पट्टी, हे पाच रकाने भरायचे आहेत. हवाई सर्वेक्षणाच्या विमानात वर्षाला ७०० तास मिळतील, पण ते सगळे स्वच्छ दिवसाचे आणि सरळ रेषेतले. पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडण्याच्या कामात टर्बाइन मिळेल, उतरण्या-उडण्याचा हात बसेल. रात्र आणि ढग मात्र शून्य. उड्डाण प्रशिक्षक व्हायला बरेच जण नाक मुरडतात. माझ्या मते उपकरण-प्रशिक्षण देणारा प्रशिक्षक दोन वर्षांत जितकं शिकतो तितकं फार थोड्या नोकऱ्यांत शिकायला मिळतं, कारण समोरचा चुकताना रोज बघावं लागतं आणि ती चूक कुठल्या सेकंदाला सुरू झाली हे ओळखावं लागतं. सगळ्यात उपयोगी म्हणाल तर रात्रीची मालवाहतूक, टपाल आणि कुरिअर. एकटा वैमानिक, जुनं विमान, वेळापत्रकाचा ताण आणि पहाटेचं धुकं. एअर ॲम्ब्युलन्सचं काम याच्याइतकं जवळचं दुसऱ्या कशाशी नाही.

एक आडवाट आहे. कॅनडाच्या उत्तरेकडे आणि जिथे जिथे दोन वैमानिकांचे मेडेव्हॅक (रुग्ण हलवणारी उड्डाणं) चालतात तिथे कमी तासांचे सहवैमानिकही घेतले जातात. मात्र तिथल्या काही छोट्या कंपन्यांत नवा माणूस आधी काही महिने रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, काम करतो: सामान चढवणं, पंखांवरचा बर्फ झाडणं, इंधन भरणं. कमीपणा वाटून घेऊ नका. विमान किती वजनावर कसं वागतं आणि पिंपातल्या इंधनात पाणी कुठून येतं हे तिथेच कळतं.

वेळेचा हिशेब विचाराल तर २०० तासांपासून एकट्या कप्तानाच्या खुर्चीपर्यंत चार ते सहा वर्षं धरून चाला. सहवैमानिकाची वाट मिळाली तर विमानात लवकर बसाल, कप्तानाच्या डाव्या खुर्चीला वेळ लागायचा तो लागतोच. त्याआधी एक काम आजच करा: प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी, आणि त्यात रंगदृष्टीची चाचणी. ती अडली तर बाकीचं सगळं नियोजन कागदावरच राहतं, आणि हे चार वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

लॉगबुक फुगवू नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. विमानाच्या देखभाल-नोंदीत प्रत्येक उड्डाणाचा वेळ असतो. नोंदी ताडून बघितल्या जातात, आणि एकदा खोटं सापडलं की या छोट्याशा जगात ते नाव सगळीकडे पोचतं.

आता प्रत्यक्ष काम. फोन वाजतो तेव्हा चांगल्या संस्थेत वैमानिकाला मोजकंच सांगतात: कुठून कुठे, किती माणसं, त्यांची वजनं, स्ट्रेचर किती, सोबतची यंत्रं कोणती, आणि कॅबिनचा दाब किती ठेवावा लागेल. रुग्णाचं वय, आजार, जगण्या-वाचण्याची शक्यता यातलं काही सांगत नाहीत, आणि ते मुद्दाम. ‘चार वर्षांची मुलगी आहे’ हे कानावर पडलं की ढगांचा तळ ६०० फुटांचा ८०० वाटायला लागतो. हवामान आणि इंधन यांचा निर्णय होईपर्यंत ही माहिती न मागणं ही सवय स्वतःला लावून घ्या. दुसरी रूढ पद्धत म्हणजे उड्डाणातल्या कुणीही एकाने ‘नको’ म्हटलं की उड्डाण रद्द. मग ती वैमानिक असो की मागे बसणारी नर्स. जायला सगळ्यांचा होकार लागतो, थांबायला एकाचा नकार पुरतो. अमेरिकेत हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सच्या अपघातांनंतर २०१४ साली नियमच झाला: प्रत्येक उड्डाणाआधी जोखमीचं लेखी मूल्यमापन, भूभागाची सूचना देणारी यंत्रणा, आणि १० किंवा जास्त हेलिकॉप्टर असलेल्या कंपनीला स्वतंत्र नियंत्रण केंद्र. तो जोखीम-तक्ता भरायला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं वाचवणारा वैमानिक दहा उड्डाणांत नऊ वेळा काही गमावत नाही, आणि म्हणूनच तक्ता भरायची सवय मोडते.

दुर्गम पट्टीचा हवामान-अंदाज बहुधा मिळतच नाही. आजूबाजूच्या क्षेत्राचा अंदाज, उपग्रहाचं चित्र आणि तिथे असलेल्या माणसाचा फोन, एवढ्यावर भागवावं लागतं. त्या माणसाला ‘हवामान कसं आहे?’ असं कधीच विचारू नका; ‘छान आहे’ हेच उत्तर येईल, कारण त्याला विमान यायला हवं असतं. विचारायचं ते असं: दक्षिणेची टेकडी पूर्ण दिसते की अर्धी? पाण्याच्या टाकीवरचा दिवा दिसतो का? वारा दाखवणारी कापडी पिशवी आडवी ताणली आहे की लोंबते आहे? शेवटचा पाऊस कधी पडला आणि पट्टीवर चालताना टाच रुतते का? टेकडी किती अंतरावर आणि किती उंच आहे हे तुम्हाला नकाशावरून माहीत असतं. त्यामुळे या उत्तरांतून दृश्यमानता आणि ढगांचा तळ दोन्ही निघतात.

पट्टी टणक आहे का हे बघायची जुनी युक्ती म्हणजे तिच्यावरून गाडी ताशी ७०-८० किलोमीटरने पळवणं. आतल्या माणसाला धक्के असह्य झाले तर विमानालाही होतील. ही फेरी उतरण्याच्या थोडं आधी पुन्हा मारायला सांगायची, कारण गुरं, कांगारू, हरणं तासाभरापूर्वी नव्हती म्हणून आता नसतील असं नाही. दिवे नसतील तर बॅटरीवरचे दिवे मांडतात. तेही नसतील तर ऑस्ट्रेलियात पत्र्याच्या डब्यात डिझेलने भिजवलेले टॉयलेट पेपरचे गुंडाळे पेटवून पट्टीच्या कडा दाखवण्याची पद्धत आहे. ऐकायला गंमत वाटते, पण वरून ते स्पष्ट दिसतं. काही पट्ट्यांचे दिवे वैमानिक स्वतः रेडिओचं बटण ठरावीक वेळा दाबून लावतो. अमेरिकेत ते १५ मिनिटं जळतात आणि विझतात. उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात ते विझले तर समोर शुद्ध काळोख, म्हणून अंतिम वळणाच्या आधी बटण पुन्हा दाबायचं, दिवे चालू दिसत असले तरी.

या काळोखाबद्दल थोडं सविस्तर, कारण अनुभवी माणसं इथेच फसतात. पट्टीचे दिवे दिसतात आणि त्यांच्या अलीकडे, पलीकडे, बाजूला काहीच दिसत नाही, तेव्हा डोळ्याला आपण आहोत त्यापेक्षा उंच असल्यासारखं वाटतं. हात आपोआप नाक खाली करतो, आणि विमान पट्टीच्या एक-दोन किलोमीटर अलीकडे जमिनीला भिडतं. वैमानिकाला शेवटच्या क्षणापर्यंत सगळं ठीक चाललंय असंच वाटत असतं. यावर उपाय डोळ्यांत नाही, आकड्यांत आहे. तीन अंशांच्या उतरणीत पट्टीपासून प्रत्येक सागरी मैलाला ३०० फूट उंची हवी: तीन मैलांवर ९००, दोनवर ६००, एकवर ३००. जमिनीवरचा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) घेऊन पाचने गुणलं की उतरण्याचा दर मिळतो. १२० नॉट म्हणजे मिनिटाला ६०० फूट. जीपीएसचं अंतर आणि उंची मोठ्याने म्हणत या. आकडा खाली गेला की डोळे काही म्हणोत, उतरणं थांबवायचं.

उड्डाणाच्या वेळी याचंच उलटं रूप भेटतं. काळोखात विमान वेग घेतं तेव्हा कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा त्या ढकलण्याला नाक वर झाल्याचं समजते. पाठ खुर्चीत दबते, ‘फार चढतोय’ असं वाटतं आणि वैमानिक नाक खाली दाबतो. त्याने वेग आणखी वाढतो आणि भास आणखी पक्का होतो. चाकं सुटल्यापासून निदान हजार फुटांपर्यंत नजर कृत्रिम क्षितिजावर (नाक वर की खाली हे दाखवणाऱ्या उपकरणावर) ठेवायची, चढण्याचा दर आणि उंची दोन्ही वाढताहेत याची खात्री करायची. वळण, रेडिओ, कागदपत्रं सगळं त्यानंतर. निवड-चाचणीच्या सिम्युलेटरमध्ये हे नेमकं तपासतात.

कॅबिनच्या दाबाचा प्रश्न वैमानिकाच्या नियोजनात थेट घुसतो. ८००० फुटांवरच्या हवेइतका दाब असलेल्या कॅबिनमध्ये बंदिस्त हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशाने फुगते. छातीच्या पोकळीत हवा अडकलेला, आतडं अडलेलं, डोळ्याला भेदक जखम झालेला किंवा खोल पाण्यातून घाईने वर आलेला पाणबुड्या असेल, तर डॉक्टर समुद्रसपाटीचा दाब मागतात. पीसी-१२ तो दाब साधारण १३,००० फुटांपर्यंत टिकवू शकतं, किंग एअर बी-२०० साधारण १५,००० फुटांपर्यंत. म्हणजे नेहमीची २५-२८ हजारांची उंची गेली. खाली टर्बाइन जास्त इंधन पिते, वेग कमी पडतो, आणि बर्फ जमवणारे ढग व खडबडीत हवा नेमकी त्याच थरात असते. मध्ये डोंगररांग असेल तर वळसा. तीन तासांचं उड्डाण साडेतीनवर जातं, मग वाटेत इंधन घ्यावं लागतं, आणि त्या थांब्यावर रुग्णासह उतरायचं की नाही हा नवा प्रश्न. म्हणून ‘कॅबिन किती हवी?’ हे पहिल्या फोनमध्येच विचारायचं. विमानात बसल्यावर कळलं तर सगळा हिशेब पुन्हा.

तुम्ही सांगितलेल्या वेळेवर मागची मंडळी ऑक्सिजन मोजतात हेही ध्यानात ठेवा. मिनिटाला १५ लिटर घेणाऱ्या रुग्णाला तीन तासांत २७०० लिटर लागतात. हातात धरून नेतात तो ई आकाराचा सिलिंडर सुमारे ६८० लिटरचा, म्हणजे त्याच्या पाऊण तासाचा. तुम्ही फक्त हवेतला वेळ सांगितला आणि खाटेपासून खाटेपर्यंतचा वेळ सांगायला विसरलात, तर विमान वेळेवर पोचूनही रुग्णवाहिका येईपर्यंत सिलिंडरची पंचाईत होते. वाऱ्याचा, वळशाचा, थांब्याचा वेळ धरून आकडा द्या, आणि बदलला की लगेच कळवा.

उष्ण प्रदेशात खरा शत्रू तापमान. पट्टीची उंची २००० फूट आणि दुपारचं तापमान ४० अंश असेल तर त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा ते २९ अंश जास्त आहे. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले की विमानाला ती पट्टी साडेपाच हजार फुटांवरची वाटते. पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी, धाव लांब, वर मऊ माती. उतरता आलं म्हणजे उडता येईलच असं नाही, आणि हा हिशेब निघण्यापूर्वी करायचा असतो. पहाटेपर्यंत थांबणं हे बरेचदा योग्य उत्तर असतं. दवाखान्याला ते पटवून देणं तुमच्या कामातच धरलेलं आहे.

थंड प्रदेशात उंचीमापक खोटं बोलतो. उणे ३० अंशांना उंचीमापक पट्टीच्या वर १००० फूट दाखवतो तेव्हा विमान खरं तर ८०० च्या आसपास असतं. डोंगरांमधल्या उतरणीत हे २०० फूट म्हणजे जीव. तक्ता बघून दुरुस्ती करायची, अंदाजाने नाही. जेट-ए इंधन उणे ४० ला आणि जेट-ए-१ उणे ४७ ला गोठायला लागतं, पण त्याच्या फार आधी बॅटरी मान टाकते आणि सलाईनच्या नळीत बर्फ होतो. म्हणून रुग्ण येण्याआधी कॅबिन तापवून ठेवायची, आणि दार उघडं राहील तो वेळ मिनिटांत मोजायचा.

इंधनाचं पिंप हा विषय पुस्तकात दोन ओळींत संपतो, दुर्गम पट्टीवर तो अर्धा तास खातो. २०० लिटरच्या पिंपात सुमारे १६० किलो जेट-ए-१ असतं; पीसी-१२ ला ते पाऊण तासाच्या आसपास पुरतं. पिंपं आडवी ठेवलेली हवीत, झाकणं घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी. उभ्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री गार होताना पिंप ते झाकणातून आत ओढून घेतं. वापरण्याआधी पिंप उभं करून किंचित तिरकं टेकवायचं आणि गाळ बसू द्यायचा. पंपाची नळी तळाच्या उंच बाजूला ठेवायची, म्हणजे तळाचा गाळ आणि पाणी पिंपातच राहतं. आधी सील आणि लेबल: पेट्रोलच्या इंजिनात चुकून जेट इंधन गेलं तर पुढे काही शिल्लक राहत नाही. मग पिंप, पंप आणि विमान तारेने जोडायचे, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी. मग नमुना काचेच्या बरणीत घेऊन पाणी ओळखणाऱ्या लेपाने तपासायचा, आणि गाळणीतूनच भरायचं. मागे रुग्ण असताना, पाऊस पडत असताना, कुणीतरी घड्याळाकडे बघत असताना हे सगळं क्रमाने करता आलं पाहिजे.

स्ट्रेचर चढवणं क्षुल्लक वाटतं, पण वैमानिकांच्या पाठी तिथेच जातात. नवजात बाळाचा इनक्युबेटर त्याच्या यंत्रांसह शंभर किलोच्या वर जातो. उचलयंत्र असेल तर ते वापरा, घाई असली तरी. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, कारण स्ट्रेचर, डॉक्टर आणि सिलिंडर कुठे बसतात यावर विमानाचा तोल ठरतो. ऐनवेळी ‘नातेवाईक पण येतो’ म्हणतात तेव्हा त्याचं वजन आणि आसन दोन्ही हिशेबात बसतं का ते बघायचं, आणि नसेल बसत तर नाही म्हणायचं. ते बोलणं दाराशी उभं राहून, नातेवाईकाच्या डोळ्यात बघून करावं लागतं.

हेलिकॉप्टरकडे जायचं असेल तर वाट वेगळी आणि महाग. तासांचा खर्च विमानाच्या कितीतरी पट, म्हणून बरेच जण सैन्यातून किंवा प्रशिक्षकाच्या कामातून येतात. तिथे रात्री दिसण्याच्या चष्म्याचं प्रशिक्षण लागतं. त्या चष्म्यातून दिसणारं क्षेत्र साधारण ४० अंशांचं, जणू नळीतून बघावं तसं. मान सतत फिरवावी लागते आणि अंतराचा अंदाज फसतो. सगळ्यात जीवघेणी चूक एकच आहे: जमीन दिसते आहे म्हणत खालच्या ढगाखालून पुढे सरकत राहणं आणि अचानक आत शिरणं. शिरलात तर मागे वळून जमीन शोधायची नाही. हेलिकॉप्टर समतल, वेग स्थिर, चढत वर, आणि मग नियंत्रणाशी बोलणं. हा क्रम हातात बसेपर्यंत सराव नसेल तर रात्रीची ड्यूटी मागू नका.

थकव्याबद्दल नियम आहेत. अमेरिकेत एकट्या वैमानिकाला २४ तासांत ८ तास उड्डाण आणि त्याआधी सलग १० तास विश्रांती. नियमाच्या आत राहूनही पहाटे दोन ते सहा या वेळात मेंदू मंद असतो. गाढ झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं बेरीज-वजाबाकीही चुकते, आणि नेमकं तेव्हाच वजनाचा तक्ता समोर असतो. म्हणून ठरावीक छापील नमुन्यावर हिशेब करा आणि उड्डाणाआधी तो पुन्हा वाचा.

नोकरी मिळाल्यावरही लगेच रात्र हातात देत नाहीत. आधी विमानाचं आणि सिम्युलेटरचं प्रशिक्षण, मग तपासणी-वैमानिकासोबत प्रत्यक्ष मार्गावर उड्डाणं, मग काही काळ फक्त दिवस आणि ओळखीच्या पट्ट्या. हा काळ लांबला तर तक्रार करू नका. करारातली प्रशिक्षण-खर्चाची अट मात्र सही करण्याआधी नीट वाचा: किती महिने थांबावं लागेल, आधी सोडलं तर किती रक्कम, आणि ती महिन्यागणिक कमी होते की नाही. दुर्गम तळावर घरच्यांसह राहायचं की काही आठवडे काम आणि काही आठवडे घर असं वेळापत्रक घ्यायचं, हे घरी आधी बोलून घ्या. लोक हे काम सोडतात ते विमानामुळे क्वचित. बहुतेकदा जोडीदाराला तिथे काम मिळत नाही, मुलांची शाळा अडते, आणि दीडेक वर्षात सामान बांधलं जातं.

मुलाखतीला एक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच: रुग्ण गंभीर आहे, हवामान किमान मर्यादेच्या अगदी काठावर आहे, दवाखाना तिसऱ्यांदा फोन करतो आहे, काय कराल? शौर्याचं उत्तर देणारे तिथेच बाद होतात. नुसतं ‘नाही’ म्हणणारेही फारसे पुढे जात नाहीत. त्यांना ऐकायचं असतं ते असं: मर्यादा काय, माझं इंधन किती, पर्यायी विमानतळ कोणता आणि तिथून रुग्णवाहिका किती वेळात पोचेल, दोन तासांनी हवामान सुधारतंय का, जवळच्या दुसऱ्या पट्टीवर रुग्णाला रस्त्याने आणता येईल का. अर्जाच्या पहिल्या पानावरही याच धाटणीने लिहा: एकूण तासांच्या खाली रात्रीचे, उपकरणांवरचे, कप्तान म्हणून केलेले आणि कच्च्या पट्टीचे तास वेगवेगळ्या ओळीत. आज तुमच्या लॉगबुकात यातले तीन आकडे शून्याजवळ असतील. पुढची नोकरी निवडताना पगाराच्या आधी त्या तीन ओळींकडे बघा.